बटणाच्या कानाशी किल्ली

पोरी, परवा विश्रामबागेतून तुझा फोन आला तेव्हा तुझा आवाज कापत होता. "मामा, किल्ली हातात आहे आणि गाडी म्हणते किल्लीच नाही!" त्या गडबडीत मी सांगितलं ते निम्मंच होतं. आता सगळं सावकाश लिहितो. साताऱ्याहून सांगलीला एकटी परतताना, पेठ नाका मागे पडल्यावर अंधारात गाडी अडून बसली, तर हे आठव.

आधी मूळ समजून घे. बटणाची गाडी किल्लीला हाक मारते आणि किल्ली ओ देते. ही हाक साधारण मीटरभरच ऐकू जाते. ओ द्यायला किल्लीला तिच्या पोटातल्या सेलचं बळ लागतं. सेल उतरला की तिचा आवाज बसतो, पण ओळख जात नाही. किल्लीत एक चिप असते, तिला सेल लागतच नाही. अगदी जवळ नेली की गाडीतल्या कॉइलकडून तिला लागेल तेवढी वीज मिळते आणि ती आपली खूण सांगते. अंतर मात्र बोट-दोन बोटांचंच हवं. मंत्र जसा कानाशी तोंड नेऊन सांगायचा, तसंच हे.

म्हणून ब्रेक पूर्ण दाब, गिअरची गाडी असेल तर क्लचही दाब. किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकव आणि किल्लीनेच बटण दाब. मारुती, ह्युंदाई, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत हे चालतं. काही गाड्यांत किल्ली ठेवायची जागा वेगळी असते, कप ठेवायच्या खाचेत नाहीतर स्टिअरिंगच्या बाजूला. तुझ्या गाडीची जागा पुस्तिकेत आजच बघून ठेव, अंधारात पानं उलटायची वेळ येऊ देऊ नकोस.

हे मी कासहून परतताना शिकलो. पाऊस कोसळत होता, गाडीत तुझी मामी आणि दोन लहान मुलं. मी गॅरेजला फोन लावत तासभर घालवला. शेवटी चहाच्या टपरीवरचा एक पोरगा आला, माझ्या हातातली किल्ली घेऊन बटणाला टेकवली, आणि गाडी चालू. तो तासभर मुलं कुडकुडत होती, ते मी विसरलेलो नाही.

दार उघडत नसेल तर रिमोटच्या कडेची कळ सरकव, आतून लोखंडी किल्ली निघते. हँडलला भोक दिसलं नाही तर झाकणाखाली असेल. त्या किल्लीने दार उघडल्यावर सायरन वाजू शकतो. घाबरू नकोस. रिमोट बटणाला लावून गाडी चालू केलीस की तो थांबतो.

आता दोष किल्लीचा की गाडीचा, हे ओळखायची खूण. बटण दाबून बघ आणि हॉर्न वाजव. डॅशबोर्डचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, आणि किल्ली सापडत नाही असा संदेश आला, तर दोष किल्लीत. दिवे मंद झाले, कट-कट आवाज आला, नाहीतर काहीच पेटलं नाही, तर बॉनेटखालची १२ व्होल्टची बॅटरी उतरली आहे. बरी बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर तीही बघ. केबल लावायची वेळ आली तर क्रम पाठ कर: आधी लाल आपल्या प्लसला, मग लाल दुसऱ्या गाडीच्या प्लसला, मग काळी तिच्या मायनसला, आणि काळीचं दुसरं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू करायच्या फंदात पडू नकोस.

किल्लीशेजारी मोबाईल किंवा पॉवर बँक असेल तर ते आधी बाजूला ठेव. कधी कधी अडचण तेवढीच असते.

सेल बदलणं सोपं आहे. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो: ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तरी जुन्यावरचा नंबर वाचूनच नवा आण. हात कोरडे ठेव, प्लसची बाजू कुठे होती ते बघून तशीच बसव. जुना सेल टेबलावर ठेवू नकोस. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका जळते. तसा नुसता संशय आला तरी घरी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

आणि सांगलीकरांसाठी खास एक. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांना आठवतात. पाणी चढण्याआधी गाडी उंचावर ने. पाण्यात उभी राहिलेली गाडी बंद असेल तर किल्ली कितीही चांगली असो, बटण दाबू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. गाडी उचलून न्यायला सांग. भिजलेल्या किल्लीतला सेल लगेच काढ, पुसून सावलीत वाळव.

शेवटचं. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. त्याच दिवशी दुसरी किल्ली कपाटातून काढ, तिनेही गाडी एकदा चालू करून बघ. एक दसरा सोडून एक, दोन्हींचे सेल बदल. आणि ही दुसरी किल्ली गाडीत ठेवू नकोस, सासूबाईंकडे दे. देताना ती बटणाला कशी टेकवायची तेही त्यांना एकदा दाखव.