पेटीमागें खर्च किती ? ऑनलाइन चित्र-जाहिरातींचा एक पाठ

आपण पिकविलेल्या मालाचा भाव दुसऱ्यानें ठरवावा व आपण तो मुकाट्यानें घ्यावा, हें शेतकऱ्याचें जुनें दुखणें आहे. घरोघर मोबाइल पोंचल्यापासून त्यावर एक औषध सुचविलें जातें. तें असें कीं, आडत्याकडे माल न पाठवितां मोबाइलवर जाहिरात द्यावी व खाणाऱ्यासच थेट विकावा. औषध खोटें नव्हे; पण त्याची मात्रा न समजतां घेतलें तर रोग्यापेक्षां वैद्यच गबर होतो. जाहिरात लाख वेळां दिसली, पैसे गेले, आणि पेट्या मात्र अढींतच राहिल्या, अशी पाळी आपल्या शेतकरी बंधूंवर येऊं नये, एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहिला आहे. उदाहरण कोंकणांतील हापूस आंब्याचें घेतलें आहे. द्राक्षें, काजू किंवा गूळ विकणाऱ्यानें आपापले आंकडे घालून तेंच गणित करावें.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत दप्तर लिहिण्यांत गेलें. मागणी, वसुली आणि बाकी हे तीन रकाने ज्या वहींत नाहींत ती वही हिशेबाची नव्हे, ही तेथील शिकवण. जाहिरातीच्या खर्चासही तीच लागू करावयाची आहे.

चित्र-जाहिरात म्हणजे काय ?

बातमी वाचतांना, हवामान पाहतांना किंवा मोबाइलवर एखादा खेळ खेळतांना मजकुराच्या शेजारीं जी चित्राची चौकट दिसते ती चित्र-जाहिरात होय. तिला बॅनर असेंही म्हणतात. या प्रकाराचा आरंभ २७ ऑक्टोबर १९९४ रोजीं अमेरिकेंतील ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर झाला असें मानतात. त्या दिवशीं तेथें एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचा बॅनर झळकला होता. पुढें २००३ सालीं गुगलनें ‘ॲडसेन्स’ ही योजना काढली, आणि लहानसहान संकेतस्थळांच्या मालकांसही आपल्या पानावरील मोकळी जागा जाहिरातीस देतां येऊं लागली.

हिच्याहून निराळी ती शोध-जाहिरात. ‘हापूस आंबा पेटी’ असे शब्द लिहून जो स्वतः शोध घेतो, त्याला ती दिसते. शोध घेणारा मनुष्य दुकानाच्या पायरीवर येऊन उभा असतो. चित्र पाहणारा आपल्या कामानें रस्त्यावरून चाललेला असतो. त्याला हांक मारावी लागते, आणि शंभर हांकांत एखादाच वळून पाहतो. म्हणून ज्याचें भांडवल थोडें आहे त्यानें आधीं पायरीवरचें गिऱ्हाईक घ्यावें, व उरलेल्या पैशांत हांक मारावी. ती कोणास मारावी, हाच या विद्येचा गाभा आहे.

जागेचा लिलाव

आज यांतील बहुतेक जागा लिलावानें विकल्या जातात. पुण्यांत कोणी बातमीचें पान उघडलें कीं, पान पुरतें दिसण्यापूर्वींच, सेकंदाच्या अंशांत, त्या चौकटीचा लिलाव पुकारला जातो. बोली बोलणारे मनुष्य नसून यंत्रें असतात; आपण ठरवून दिलेल्या मर्यादेंत तीं आपल्या वतीनें बोलतात. पूर्वीं अशा लिलावांत जिंकणाऱ्यास दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीएवढेंच द्यावें लागण्याची रीत होती. २०१९ सालीं गुगलनें जागा विकणाऱ्यांसाठीं असलेल्या आपल्या ‘ॲड मॅनेजर’ या बाजारांत ती रीत बदलली, व जो जेवढी बोली बोलेल त्यानें तेवढें द्यावें असें ठरलें. तेव्हां ‘बोली मोठी लावली तरी द्यावें थोडेंच लागेल’ या भरंवशावर राहूं नये.

आकारणी मुख्यतः दोन प्रकारची आहे : हजार वेळां दाखविण्याचा दर, आणि दर क्लिकचा दर. दाखविण्याचा दर घेतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंतील मीडिया रेटिंग कौन्सिल या संस्थेनें २०१४ सालीं ठरविलेल्या मापाप्रमाणें, चौकटीचा निम्मा भाग निदान एक सेकंद पडद्यावर आला कीं, जाहिरात दिसण्याजोगी झाली असें धरतात. अर्धी चौकट, एक सेकंद ! ‘लाख वेळां दिसली’ या वाक्याचें मोल यावरून ओळखावें.

आधीं उलटें गणित

पुष्कळ लोक ‘दहा हजार घालून पाहूं’ येथून आरंभ करितात. हा क्रम उलटा आहे. आरंभ पेटीपासून करावा.

समजा, पेटी बांधणें, वाहतूक व फुटतूट वजा जातां, थेट विक्रींत आडतीपेक्षां पेटीमागें ३०० रुपये अधिक मिळतात. जाहिरातीस देतां येण्याजोगी परमावधीची रक्कम हीच. ती सगळी दिली तर थेट विक्रीची सारी यातायात फुकट गेली.

आतां समजा, हजारास ५० रुपये दरानें जाहिरात १,००,००० वेळां दाखविली. खर्च ५,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी ९०० रुपये. एकूण ५,९०० रुपये. ज्याची जीएसटीखालीं नोंदणी नाहीं त्याला हे ९०० रुपये परत मिळत नाहींत. हजारीं पांच लोकांनीं क्लिक केलें तर ५०० जण आपल्या पानावर आले. त्यांतील शेंकडा दोघांनीं मागणी नोंदविली तर दहा गिऱ्हाइकें झालीं, व प्रत्येकानें दोन पेट्या घेतल्या तर २० पेट्या खपल्या. पेटीमागें जाहिरातीचा खर्च २९५ रुपये. तीनशेंतून उरले पांच !

तोच खर्च व तितकेच क्लिक ठेवून, परंतु जाहिरात योग्य माणसांस दाखवून, शेंकडा दोहोंऐवजीं चौघांनीं मागणी केली, तर २० गिऱ्हाइकें, ४० पेट्या, आणि पेटीमागें खर्च १४७ रुपये ५० पैसे. हे सर्व आंकडे केवळ समजण्यासाठीं कल्पिलेले आहेत. प्रत्येकानें आपले घालावे. पण त्यांतील तात्पर्य कल्पित नाहीं. नफा-तोटा जाहिरात किती वेळां दिसली यावर नसून कोणाला दिसली यावर ठरतो.

कोणास दाखवावी ?

पहिली निवड स्थळाची. जेथवर आपली पेटी फळ न बिघडतां व परवडणाऱ्या भाड्यांत पोंचते, तेवढाच मुलूख घ्यावा. सबंध महाराष्ट्र निवडून ठेवूं नये. शहर निवडतां येतें, शहरांतील पिनकोडही पुष्कळ ठिकाणीं निवडतां येतो, किंवा एखाद्या ठिकाणाभोंवतीं अमुक किलोमीटरचें वर्तुळ आंखतां येतें. येथें एक मेख आहे. गुगलच्या व्यवस्थेंत आपण कांहीं न बदलल्यास, त्या शहरांत असलेल्यांबरोबर त्या शहराविषयीं नुसती आस्था दाखविणाऱ्यांसही जाहिरात दाखविली जाते. पुण्याच्या पेठांसाठीं काढलेली जाहिरात अशा रीतीनें नागपुरांतील कोणी पाहतो, आणि पैसे आपले जातात. म्हणून ‘त्या ठिकाणीं राहणारे किंवा नेहमीं येणारे’ एवढाच पर्याय आठवणीनें निवडावा.

दुसरी निवड मजकुराची. पाककृती, सणवार, घरगुती खरेदी अशा विषयांच्या पानांवर आंब्याचें चित्र शोभतें. यांत वाचणाऱ्याच्या खासगी माहितीची गरज पडत नाहीं; पान कशाविषयीं आहे एवढें पाहिलें कीं पुरे.

तिसरी निवड ओळखीची. जे आपलें पान एकदां पाहून गेले पण मागणी न नोंदवितां परतले, त्यांस पुन्हा जाहिरात दाखवितां येते. हें काम बहुतांशीं ‘कुकी’ नांवाच्या खुणेवर चालतें. आपण जेथें जातों तेथील नोंद ती आपल्याच मोबाइलांत ठेविते. परक्या स्थळांच्या अशा खुणा ॲपलच्या सफारीनें २०२० पासून सरसकट बंद केल्या. गुगलनेंही त्याच वर्षीं क्रोममधून त्या काढण्याचा मनोदय जाहीर केला होता, पण २०२४ सालीं तो बेत सोडून दिला. म्हणून या उपायाचा उपयोग करावा, परंतु सारी भिस्त त्यावर ठेवूं नये.

चौथी गोष्ट वगळणीची, व ती निवडीइतकीच महत्त्वाची आहे. जाहिरात कोणकोणत्या स्थळांवर व ॲपांत दिसली याची यादी मिळते. ती आठवड्यांतून दोनदां वाचावी. लहान मुलांच्या खेळांत चुकून बोट लागून झालेल्या क्लिकचेही पैसे पडतात. अशा जागा यादींतून काढून टाकाव्या. ज्यांनीं यंदा पेटी घेतली त्यांनाही नव्या गिऱ्हाइकांच्या जाहिरातींतून वगळावें; त्यांच्याशीं बोलण्यास फोन पुरे.

केव्हां व किती वेळां ?

आंबा जाहिरातीसाठीं थांबत नाहीं. जाहिरातीनेंच आंब्यासाठीं थांबावें. पहिल्या तोडीचा अंदाज आल्यावर थोड्या रकमेनें आरंभ करावा व पेटीमागें खर्च किती पडतो तें पाहावें. तो परवडला तरच एप्रिल-मेच्या ऐन बहरांत रक्कम वाढवावी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मागणी वाढते, पण त्याच दिवसांत इतर विक्रेतेही बोली चढवितात, हें विसरूं नये. अवकाळी पावसानें किंवा उष्म्यानें माल कमी झाला तर त्याच दिवशीं जाहिरात थांबवावी. नसलेल्या मालाची मागणी घेणें म्हणजे पुढील सालचें गिऱ्हाईक घालविणें होय.

दिवसाचा खर्च आधींच बांधून द्यावा. एकाच मनुष्यास दिवसांतून किती वेळां जाहिरात दिसावी याचीही मर्यादा घालतां येते. दोन-तीन वेळांहून अधिक दाखवून पाहणारा कंटाळण्यापलीकडे फारसें कांहीं साधत नाहीं. आणि ज्या वेळीं घरांत फोन उचलण्यास माणूस असेल, त्याच वेळीं जाहिरात चालू ठेवावी.

जाहिरातींतील शब्द

चौकटींत तीनच गोष्टी असाव्या : फळाचें स्वतःच्या बागेंतील खरें चित्र, गांवाचें नांव, आणि पेटीचा भाव. भाव लपविला तर क्लिक वाढतात, पण ते उगीच चौकशीचे असतात, आणि प्रत्येकाचे पैसे मोजावे लागतात. क्लिक केल्यावर जें पान उघडेल तें मराठींत, लवकर उघडणारें, आणि फळांची संख्या, वजन, पोंचण्याचा दिवस व खराब फळाची भरपाई स्पष्ट सांगणारें असावें.

खोटें लिहूं नये, हा नीतीचा जसा नियम तसा कायद्याचाही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळीं दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें असून तें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळासाठीं आहे; त्याची खूण छापावयाची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. कार्बाइडनें फळ पिकविण्यास बंदी आहेच. ‘नैसर्गिक रीतीनें पिकविलेला’ हे शब्द मात्र ज्यानें खरोखर गवताच्या अढींत पिकविला त्यानेंच वापरावे.

रोजकीर्द

एक साधी वही घालावी. रकाने पांच : तारीख, जाहिरातीचा खर्च, आलेल्या मागण्या, पैसे मिळून पोंचलेल्या पेट्या, आणि पेटीमागें खर्च. क्लिकचा रकाना मुद्दाम ठेविला नाहीं. फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकास ‘आपण आमच्याविषयीं कोठें पाहिलेंत ?’ हा प्रश्न न चुकतां करावा.

तरीही एक शंका राहते : हीं गिऱ्हाइकें जाहिरातीवांचूनही आलीं असतीं काय ? तिची परीक्षा अशी. शहराचे सारख्या वस्तीचे दोन भाग घ्यावे. एका भागांत आठवडाभर जाहिरात द्यावी, दुसऱ्यांत देऊं नये. पुढील आठवड्यांत अदलाबदल करावी. दोन्ही वेळां जाहिरातीच्या भागांतून स्पष्टपणें अधिक मागणी आली तरच ती जाहिरातीची कमाई. एरव्हीं जें आपोआप येत होतें त्याचेंच श्रेय आपण कंपनीस देत होतों असें समजावें. खताचा गुण पाहण्यास आपण एक वाफा बिनखताचा ठेवतों, तसेंच हें आहे.

शेवटीं एक सूचना. एकट्या बागायतदारास हा सारा व्याप जड जातो. एका गांवच्या दहा-बारा जणांनीं मिळून एक नांव, एक पान, एक फोन व एक वही ठेविली, तर परीक्षेचा खर्च वांटला जातो आणि एकाची तोड संपली तरी दुसऱ्याची चालू राहते. मात्र गिऱ्हाइकाचें नांव व फोन पुढील सालासाठीं टिपून ठेवतांना त्याची संमति घ्यावी. २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व त्यांचा अंमल टप्प्याटप्प्यानें यावयाचा आहे. अशी संमतीनें जमलेली यादी हीच या खटाटोपाची खरी मिळकत. पहिल्या सालीं ज्याच्या पेटीमागें दीडशें रुपये पडले, त्याला दुसऱ्या सालीं ‘आंबा तयार आहे’ असा एक फोन पुरतो, आणि त्या पेटीपुढें जाहिरातीच्या रकान्यांत शून्य लिहितां येतें.