मुखत्यारपत्र आणि वृद्धांची संमती
कर्जत-खालापूर परिसरात जमिनीचे मोल वाढले, तसे वृद्ध खातेदारांच्या मुखत्यारपत्रालाही महत्त्व आले. एकाकी मित्राची बँक-कचेरीची कामे शेजारी आनंदाने पत्करतो. परंतु मित्राची स्मृती डळमळू लागली असेल, तर काय करावे?

दस्त करतेवेळी त्याचा अर्थ समजणे व आपल्या हिताचा सारासार विचार करता येणे, ही भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२ ची कसोटी होय. केवळ विस्मरण म्हणजे असमर्थता नव्हे. शंका असल्यास त्याच सुमारास डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे, दस्त वृद्धास वाचून दाखवावा आणि आवश्यक तेवढेच अधिकार द्यावेत. कचेरीत येणे प्रकृतीस धोक्याचे असल्यास नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ अन्वये दुय्यम निबंधक घरी जाऊन खातरजमा करू शकतात.

मात्र करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन असमर्थ होताच मुखत्यारी संपते. त्यानंतर अंगठा उमटवून घेणे हा उपाय नव्हे. अशा वेळी उच्च न्यायालयाकडे पालक नेमण्याची विनंती करता येते. बेशुद्धावस्थेतील पतीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये पत्नीस पालक नेमले होते.

सरपंच व शिक्षकांनी ही माहिती वेळीच घरोघरी पोहोचवावी. वृद्धाची इच्छा व जमीन, दोन्हींचे रक्षण त्यातच आहे.