लहानांपुढे काय ठेवावे?

शास्त्रभाग : 1 शमुवेल 2:12-36, 3:11-14, मत्तय 18:1-10

एली याजक दुष्ट मनुष्य नव्हता. हफनी व फिनहास ह्यांची कृत्ये त्याच्या कानी आली तेव्हा त्याने त्यांस शब्दाने दटावलेही. पण त्याने त्यांस आवरले नाही, आणि देवाने त्याजवर ठेवलेला दोष तो हाच. आज आपल्या वाड्यावस्त्यांवरील ख्रिस्ती घरांचा विचार ह्या भागाच्या उजेडात करावयाचा आहे. आईबाप उसाच्या शेतातून अथवा श्रीरामपूरच्या बाजारातून थकून येतात; मुले टीव्हीपुढे बसलेली असतात. "चित्रेच तर आहेत, पोरांसाठीच आहेत," असे म्हणून आपण निश्चिंत होतो.

ह्या निश्चिंतीस आधार नाही. शिनचॅन ही चित्रकथा जपानात 1990 साली निघाली ती मोठ्या माणसांच्या नियतकालिकात. आपल्या देशात मात्र तिची चित्रमालिका मुलांच्या वाहिनीवर आली. पाच वर्षांचे मूल आईबापांस उलट बोलते, तरुण स्त्रियांपुढे नको ते चाळे करते, आणि पाहणाऱ्याने त्यावर हसावे अशी योजना! 2008 साली केंद्र सरकारने ती बंद केली. पुढे पुष्कळ काटछाट होऊन ती परतली. तरुणांसाठी म्हणून चालविलेल्या रोडीज व स्प्लिट्सविला ह्या कार्यक्रमांत शिवीच्या जागी नुसता आवाज घालतात, पण शिवी कोणती हे लहान मुलासही कळते. स्प्लिट्सविलात तर तरुण-तरुणींच्या जोड्या जुळणे व मोडणे हाच खेळ असतो.

ह्याविरुद्ध आपल्याच प्रांतात एका बाईंनी पाऊल उचलले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील अध्यापिका प्रतिभा नैथानी ह्यांनी 2004 साली उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांचे म्हणणे साधे होते : जो चित्रपट थिएटरात केवळ प्रौढांस दाखविता येतो, तो केबलवरून घरातील बालकापुढे कसा येतो? 1995 च्या केबल कायद्याखालील नियमांनुसार, सर्वांस दाखविण्यास अयोग्य असलेला कार्यक्रम केबलवर दाखविता येत नाही. न्यायालयाने डिसेंबर 2005 मध्ये असे चित्रपट रोखण्याचा हुकूम दिला. ऑगस्ट 2006 मध्ये मुंबईच्या पोलिसांनी केबलचालकांवर कारवाई केली, तेव्हा चित्रपटांच्या कित्येक वाहिन्या काही दिवस बंद पडल्या. पुष्कळांनी कुरकुर केली. तथापि एली जे करू शकला नाही, ते ह्या बाईंनी परक्यांच्या मुलांसाठी केले.

आता तरुणसंघात एक प्रश्न हटकून निघतो, व सुवार्तिकाने तो टाळू नये : "पाळकसाहेब, दावीद व बथशेबा ह्यांची गोष्ट पवित्र शास्त्रातच आहे ना?" आहे. शास्ते पुस्तकातील गिब्याची हकीकत तर त्याहून भयंकर आहे. पाप दाखविणे हेच पाप असते, तर शास्त्राची कित्येक पाने फाडावी लागली असती. परंतु दाविदाच्या गोष्टीत नाथान येतो, उरीयाचे रक्त झाकले जात नाही, मूल मरते. तेथे पापाची किंमत दिसते. ज्या कार्यक्रमांवर आमचा आक्षेप आहे त्यांत पापाची किंमत कोणीच देत नाही. उलट निर्लज्जास टाळ्या व बक्षीस मिळते. आणि दुसरे असे की, गिब्याची हकीकत आपण शब्बाथशाळेच्या बालवर्गास वाचून दाखवीत नाही. ती खोटी म्हणून नव्हे. तिचा भार वाहण्याचे त्यांचे वय नव्हे म्हणून. प्रभूने लहानांस अडखळविणाऱ्याविषयी जाते व समुद्र ह्यांचे जे कठोर बोलणे केले, ते ह्याच जागी लागू पडते.

कायद्याचा हात मात्र आता अपुरा पडतो, कारण पडदा भिंतीवरून मुलाच्या खिशात गेला आहे. 2021 च्या नियमांनुसार मोबाईलवरील चित्रपट व मालिकांस वयाची खूण लावणे, आणि 13 वर्षांवरील वर्गासाठी पालकांच्या कुलपाची सोय ठेवणे त्या चालकांस भाग आहे. केबलवरील कार्यक्रमाविषयी तक्रार असल्यास प्रथम वाहिनीकडे लिहावे. तिने 15 दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. पत्र मंडळीच्या वडिलांनी मिळून लिहावे, आणि कार्यक्रमाचे नाव, तारीख व वेळ नेमकी द्यावी. "सगळेच वाईट" असे लिहिलेल्या पत्राचा उपयोग नाही. पालकांचे कुलूप सुवार्तिकाने घरभेटीच्या वेळी आईबापांस स्वतः लावून दाखवावे, आणि त्याचा गुप्त आकडा मुलाच्याच जन्मतारखेचा ठेवू नये.