माणूस गेलेल्या घरासाठी कानमंत्र

सूनबाई, घरातलं माणूस गेलं की उरलेले हातपाय गाळून बसतात. अशा वेळी काय करायचं ते मला सासूबाईंनी शिकवलं. आता मी तुला सांगते.

भेटायला रिकाम्या हातानं जाऊ नये. सुतकाच्या घरी चूल थंड असते. पिठलं-भाकरी ने, दूध, चहा-साखर ने. "शेवटी काय झालं होतं?" असं विचारू नकोस, तेच तेच सांगून घरच्यांच्या घशाला कोरड पडलेली असते. त्यापेक्षा भांडी घास, पोरांना जेवू घाल, म्हाताऱ्यांच्या गोळ्या वेळेवर दे. आणि तेराव्यानंतर पुन्हा जा. पाहुणे पांगले की मगच घर खायला उठतं.

कागद मागे पडू देऊ नयेत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात गेलं तर दवाखाना कळवतो. घरी गेलं तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत आपणच कळवायचं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढ. बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे तो मागतात. बँकेतले पैसे नॉमिनीच्या हाती आले म्हणून तो मालक होत नाही, हक्क वारसांचा असतो. शेत असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दे. त्यात लेकींची नावंही घाल. रडून डोळे सुजलेल्या नणंदेपुढे हक्कसोडपत्र कधीही ठेवू नकोस.

नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला कुणी पुढं आलं, तर त्यांचा हात धर. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ठराव करून ही चाल बंद केली. एका गावाला जमतं, तर आपल्या घराला का जमू नये? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला आधी बोलाव.

आणि देवाचं म्हणशील, तर कामाला लागणं ही देवाकडे पाठ फिरवणं नव्हे. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला. पंढरीचा देव पालखीत बसून त्यांच्या भेटीला अरणला येतो, ही आपली परंपरा आहे. म्हणून दिवस उरकले की पेरणी धर, दुकान उघड, नोकरीवर रुजू हो. "एवढ्यात लागली कामाला?" असं म्हणणारे म्हणतील, तिकडे कान देऊ नकोस. काम करता करता डोळे भरून आले तर भरू दे. पूजेत मन लागलं नाही, तर नुसता दिवा लाव आणि उठ. देव रागावत नाही, तो समजून घेतो, एवढी श्रद्धा पुरते.

हे सगळं आपल्यावर वेळ येईपर्यंत मनात जपून ठेवायचं नसतं. आपल्या आळीत कुणाचं माणूस गेलं असेल, तर आजच डबा घेऊन जा.