एकीचा कप दुसरीच्या फ्रेमला का बसत नाही?

प्रश्न : आजोबांची रॅले सायकल वर्षानुवर्षे माळ्यावर पडून होती. फ्रेम, चिमटा आणि मडगार्ड शाबूत आहेत, पण बी.बी.चे, म्हणजे क्रँकच्या एक्सलजवळचे, कप गंजून गेलेत आणि मागचे चाक कुणी कधी काढून नेले ते ठाऊक नाही. भंगारवाल्याकडून एक जुनी हर्क्युलिस घेतली आहे. तिचे सामान काढून रॅलेला चढवायचा बेत आहे. दोन्ही काळ्या, दोन्ही इंग्लंडच्या, उंचीही सारखीच. तरीही हर्क्युलिसचा कप रॅलेत दोन-तीन फेरे जातो आणि अडतो. मिस्त्री म्हणतात, “लांब पाना लावतो, बसेल.” बसेल का? आणि एवढे उसने भाग घातल्यावर सायकल रॅलेच राहील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कप बसेल, यात शंका नाही. मात्र पुढच्या वेळी तो निघेल तेव्हा फ्रेमच्या आतले आटे सोबत घेऊन निघेल. तेव्हा मिस्त्रींना चहा द्या आणि लांब पाना परत पिशवीत ठेवायला सांगा.

तुमचा घोटाळा समजण्यासारखा आहे, कारण या सायकली खरोखरच एकमेकींसारख्या दिसतात. काळा रंग, सळईचे ब्रेक, २८ इंची चाके, कातडी सीट. फरक आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, म्हणजे आट्यांत. ब्रिटिश सायकलींचे बी.बी. कप साधारणपणे १.३७ इंच व्यासाचे असतात आणि त्यांवर एका इंचात २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने मात्र आपल्या बहुतेक साध्या सायकलींना एका इंचात २६ आट्यांचे माप ठेवले. व्यास जवळपास तोच. म्हणून कप तोंडाशी अचूक बसल्यासारखा वाटतो आणि माणूस फसतो.

आता हिशेब पाहा. २४ आट्यांच्या मापात दोन आट्यांमधले अंतर सुमारे १.०६ मिलिमीटर भरते, तर २६ च्या मापात सुमारे ०.९८. दर फेऱ्याला फरक पडतो जेमतेम ०.०८ मिलिमीटरचा. पहिले दोन-तीन फेरे ढिलाईत खपून जातात. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला जवळजवळ अर्ध्या आट्याची चूक साठते आणि पोलाद पोलादाला भिडते. ढिलाई कमी असेल तर त्याआधीच. तुमचा कप याच साठत्या चुकीमुळे अडतो आहे. हा गंज नाही आणि मळही नाही. त्यावर रॉकेल ओतूनही काही होणार नाही.

खात्री करायची तर रॅलेचा जुना कप बाहेर काढा, हर्क्युलिसचा कप त्याच्या शेजारी धरा आणि दोघांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडासमोर न्या. माप एक असेल तर सगळी टोके सगळ्या खाचांत बसतील आणि मधून उजेड येणार नाही. वेगळे असेल तर सुरुवातीचे आटे जुळतील आणि पुढे फटी दिसू लागतील. यासाठी मापकही मिळते, पण डोळे पुरेसे आहेत.

जुना कप काढताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रिटिश सायकलींत चेनकडचा, म्हणजे उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसलेल्या पुष्कळ मंडळींनी तो जन्मभराचा आवळून ठेवलेला असतो. शक्य असेल तर तो काढूच नका. आत बॅटरी मारून पाहा. छऱ्यांच्या वाटेवर नुसता डाग असेल तर चालेल, नखाला लागेल असा खड्डा असेल तरच बदला. डावा कप सुलट्या आट्यांचा असतो आणि सहज निघतो. पायडलांचा प्रकार याच्या उलट आहे : तिथे डावे पायडल उलट्या आट्यांचे.

“नवे आटे पाडून देतो” असेही कुणी म्हणेल. २६ च्या आट्यांवर २४ चे आटे पाडले की जुन्यांची अर्धीमुर्धी टोके कापली जातात आणि नवे आटे उथळ राहतात. ज्या फ्रेमचे आटे आधीच मेले आहेत तिच्यासाठी हा शेवटचा उपाय म्हणून ठीक. तुमची फ्रेम चांगली आहे, तिच्यावर हा प्रयोग करू नका. २६ आट्यांचे कप जुन्या सायकल दुकानांच्या शिल्लक मालात अजून सापडतात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एक चक्कर मारायला हरकत नाही. जाताना जुना कप खिशात ठेवा. विक्रेत्याचे “रॅलेचाच आहे साहेब” हे वाक्य पुरावा धरू नका.

नावावर भरवसा न ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. बी.एस.ए.चा सायकल विभाग १९५७ साली रॅलेने विकत घेतला. १९६० मध्ये हर्क्युलिस आणि फिलिप्स ज्या गटाच्या होत्या तो टी.आय. गट आणि रॅले एकत्र आले. त्यानंतर विलायतेत वेगवेगळ्या नावांच्या सायकली एकाच छपराखाली बनू लागल्या. तुमची हर्क्युलिस इंग्लंडचीच असेल असेही नाही. मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय. सायकल्सच्या कारखान्यात हर्क्युलिस बनत होती आणि आसनसोलला सेन-रॅले. जन्मगाव पाहण्यासाठी बॅज नीट पुसा.

कपांसारखीच कडक वागणूक चिमट्याला द्या. रॅलेच्या चिमट्याच्या दांड्यावरही २६ आटे आहेत, म्हणून हँडलखालचे कप, कोन आणि नट हा संच दुसऱ्या सायकलीचा लावायचा नाही. चिमटाही परका नको. त्याच्या दांड्याची लांबी आणि पुढचा बाक वेगळा असला की सायकलीचे तोंड वर किंवा खाली होते, ब्रेकच्या सळया कमी-जास्त पडतात आणि सायकल हातात वेगळीच वागू लागते. तुमचा मूळचा चिमटा शाबूत आहे, हे तुमचे नशीब समजा.

क्रँकच्या बाबतीत मात्र तुम्हाला चांगली बातमी आहे. कॉटरवाल्या ब्रिटिश क्रँक एकमेकींच्या एक्सलवर चालतात आणि कॉटर पिनही बहुधा ९.५ मिलिमीटरचीच असते. फक्त बी.बी.ची आडवी नळी रॅलेत ७१ मिलिमीटर आणि इतर ब्रिटिश सायकलींत बहुधा ६८ मिलिमीटर रुंद असते, म्हणून हर्क्युलिसचा एक्सल रॅलेत थोडा तोकडा पडू शकतो. शक्य तोवर एक्सल रॅलेचाच ठेवा आणि क्रँक हर्क्युलिसच्या घ्या. रॅलेचे बगळ्याच्या डोक्याच्या नक्षीचे चेनव्हील जागेवर असेल तर ते हलवू नका. अशी चेनव्हीले उजव्या क्रँकला घट्ट जोडलेली असतात, त्यामुळे नुसते चेनव्हील बदलायचे म्हटले तरी सगळी क्रँक बदलावी लागते.

कॉटर बसवताना होणाऱ्या चुका पाहिल्या की वाटते, ही पिन मुद्दाम माणसाची परीक्षा घ्यायला काढली असावी. ती तिरक्या सपाटीची असते आणि ही सपाटी एक्सलच्या खाचेला पूर्ण टेकली पाहिजे. नव्या पिनेची सपाटी बहुधा जुळत नाही, ती कानशीने घासून जुळवावी लागते. दोन्ही पिना विरुद्ध दिशांनी घाला. क्रँक खाली लोंबत असताना एका बाजूची पिन पुढून गेली, तर दुसऱ्या बाजूची क्रँक खाली घेतल्यावर तिची पिनही पुढूनच जाते, म्हणजे फिरताना त्या एकमेकींच्या उलट येतात. तसे झाले नाही तर दोन पायडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल चालवताना लंगडल्यासारखे वाटते. ठोकताना क्रँकखाली जाड नळीचा तुकडा उभा धरा, जमिनीवर टेकवलेला, म्हणजे हातोडीचा घाव छऱ्यांवर न जाता नळीतून जमिनीत जातो. पिन आत ओढायचे काम नटाचे नव्हे. नट फक्त ठोकून बसलेली पिन निसटू देत नाही. नट आवळून पिन ओढू गेलात तर तिचे आटे तुटतील. एक-दोन किलोमीटर चालवून पुन्हा एकदा ठोका आणि मग नट आवळा.

छरे जुने वापरू नका. जुन्या-नव्यांची सरमिसळ तर अजिबात नको, कारण केसभर मोठा असलेला छरा सगळा भार आपल्या अंगावर घेतो आणि कोनाला खड्डा पाडतो. बी.बी.त पाव इंचाचे, प्रत्येक बाजूला ११. मागच्या हबमध्ये पाव इंचाचे, बाजूला ९. पुढच्या हबमध्ये ३/१६ इंचाचे, बाजूला १०. भरपूर ग्रीस लावले की छरे चिकटून बसतात. ओव्हरऑइलिंग करणाऱ्या कुठल्याही जुन्या दुकानात ही मापे तोंडपाठ असतात.

मागच्या चाकाचा प्रश्न मोजमापाचा आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात, म्हणून हब बदलायचा म्हटले तर रिमही ४० भोकांचीच हवी. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या कडेला दाबतो, त्यासाठी त्या जातीची गोलसर कडेची रिम लागते. तारेच्या ब्रेकची सपाट बाजूंची रिम घातली तर ब्रेकचे रबर हवेत लोंबकळेल. टायर घेताना नुसता २८ चा आकडा पाहू नका. तुमच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर आहे. आजच्या रेसर सायकलींच्या ६२२ मिलिमीटरच्या टायरलाही कधी कधी २८ म्हणतात आणि तो तुमच्या रिमवर चढणार नाही. आपल्याकडे दूधवाल्यांच्या सायकलींना आजही २८ गुणिले दीडचाच टायर लागतो, म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. विलायतेतल्या हौशी माणसाला हाच टायर शोधत हिंडावे लागते. या बाबतीत तुम्ही श्रीमंत आहात.

तुम्हाला मिळणाऱ्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल आणि त्यावर ५२ असा आकडा असेल, तर लगेच “१९५२ ची सायकल” असे सांगत सुटू नका. त्या आकड्यावरून हबचे साल कळते, सायकलीचे नाही. उसन्या हबचे साल तर सायकलीला मुळीच लागू होत नाही.

चेन आणि फ्रीव्हील एकत्र झिजतात, तेव्हा बदलाल तर दोन्ही बदला. जुनी चेन ताणून मोजा : एका पिनेच्या मध्यापासून चोविसावा दुवा ओलांडल्यावर येणाऱ्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच हवेत. इंचाचा आठवा भाग जास्त भरला तर ती चेन शोभेपुरतीच उरली असे समजा. सीट, पायडल, मडगार्ड, कॅरिअर, घंटी, स्टँड यांची अदलाबदल निर्धास्त करा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते सायकल फ्रेमच्या नावाने ओळखावी आणि बाकीचे मोकळ्या मनाने बदलावे. आजोबांच्या काळातही पंक्चरच्या दुकानात हाताला येईल तो नट लागत असे. कुणी काय बसवले याची चिठ्ठी कोणी ठेवली नाही. पुण्यातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयासारख्या ठिकाणी मांडायची असेल तर मूळ भागांचा हट्ट धरण्यात अर्थ आहे. तुम्हाला ती चालवायची आहे. फक्त हर्क्युलिसच्या फ्रेमवर रॅलेचा बॅज चढवून विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

आणि उघडी पडलेली हर्क्युलिस भंगारात परत देऊ नका. तिचे कप, कोन, हँडलखालचा संच आणि चिमटा तिच्याच फ्रेमला तारेने बांधून ठेवा, तेल लावून. २४ आट्यांचा कप हातात घेऊन जुन्या बाजारात हिंडणारे कुणीतरी असणारच. त्यांच्याकडे २६ चा निघाला तर सौदा दोघांच्याही फायद्याचा.