सेल्फीत नथ उजवीकडे कशी गेली?

प्रश्न : मावसबहिणीच्या लग्नात नऊवारी नेसून, नथ घालून आम्ही दोघींनी पोटभर सेल्फी काढले. घरी येऊन पाहते तर माझ्या फोनमधल्या फोटोंत माझी नथ उजव्या नाकपुडीत! बहिणीच्या फोनमधल्या फोटोंत ती बरोबर डावीकडे आहे, पण तिथे माझा चेहराच मला परका वाटतो. शिवाय दोन्हीकडे नाक जरा फुगलेलंच. यातली खरी मी कुठली?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बहिणीच्या फोनमधली. साक्षीदार तुमच्या नाकातच आहे.

सेल्फी काढताना पडद्यावर दिसतं ते आरशासारखं, डावं-उजवं उलटलेलं चित्र. ते मुद्दाम तसं दाखवतात, नाहीतर बट सावरायला हात भलतीकडेच गेला असता. फरक पडतो तो फोटो साठवताना. काही फोन चित्र सुलटं करून ठेवतात, काही पडद्यावर होतं तसंच ठेवतात. बहुतेक फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं. तुमच्या दोघींच्या फोनची सेटिंग वेगळी, एवढाच हा घोळ.

मग सुलटा चेहरा परका का वाटावा? कारण तो तुम्ही फारसा पाहिलेलाच नाही. जन्मभर पाहिला तो आरशातला. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. भांग एका बाजूला, एक भुवई किंचित वर, हसताना ओठ जरा एकीकडे. आरशात डावीकडे झुकणारा ओठ फोटोत उजवीकडे झुकतो, म्हणजे सवयीच्या जागेपासून त्याचं अंतर दुप्पट होतं. इतरांच्या लक्षातही न येणारी गोष्ट तुम्हाला मात्र लगेच खटकते.

अमेरिकेत मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ साली याचीच परीक्षा घेतली. विद्यार्थिनींचा एकच फोटो सुलटा आणि उलटा असा दोनदा छापला. विद्यार्थिनींचा कल आरशासारख्या फोटोकडे होता, त्यांच्या मैत्रिणींचा सुलट्याकडे. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला बरं वाटतं.

आता नाक. तिथे दोष नाकाचा नाही, अंतराचा आहे. फोन जवळ धरला, की नाकाचा शेंडा कॅमेऱ्यापासून समजा ३० सेंटिमीटरवर आणि कान ४२ सेंटिमीटरवर. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठं होऊन बसतं. तोच फोन दीड मीटर लांब गेला, तर हे आकडे १५० आणि १६२ होतात आणि फरक जेमतेम ८ टक्के उरतो. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असंच गणित मांडलं होतं. १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, ५ फुटांवर हा फरक जवळजवळ राहत नाही. सेल्फी पाहून नाकाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला लोक येऊ लागले, म्हणून हा हिशोब करावा लागला.

फोनला एकट्याला बोल लावू नका. फिलाडेल्फियात रॉबर्ट कॉर्नेलियस याने १८३९ साली दिव्यांच्या दुकानामागे उभं राहून स्वतःचा फोटो काढला. आज उपलब्ध असलेल्या अगदी पहिल्या आत्मछबींपैकी तो एक. त्या काळी असे फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटत, आणि तेही साधारणपणे आरशासारखे उलटेच!

घरी एक प्रयोग करा. हातातल्या फोनवर एक सेल्फी काढा. मग पाच फुटांवरून कुणाला तरी मागच्या कॅमेऱ्याने, चेहरा तेवढाच मोठा येईल इतका झूम करून फोटो काढायला सांगा. दोन्ही फोटोंतले कान पाहा. सेल्फीत ते गालांमागे दडलेले असतील, दुसऱ्यात बाहेर आलेले. हा दुसरा चेहरा तुमच्या बहिणीच्या रोजच्या ओळखीचा. आरशातला चेहरा तिने तुमच्या शेजारी उभं राहून आरशात डोकावल्याशिवाय कधी पाहिलेलाच नाही. तो खोटा नाही, पण तो जवळजवळ तुमच्या एकटीचाच.

तेव्हा लग्नाच्या अल्बमसाठी फोटो निवडायचं काम बहिणीवर सोपवा. आणि आपण पाहतोय तो फोटो उलटा की सुलटा, अशी शंका आली तर आधी नथ पाहा.