तेल पाजलेले चामडे आणि कामाचे बूट

कामाच्या बुटांच्या चांगल्या, जाड चामड्यात तेल वरून चोपडलेले नसते; ते टॅनरीतच गाभ्यापर्यंत मुरवलेले असते. निव्वळ तेलाने, म्हणजे माशाच्या तेलाने कमावतात ते शॅमॉय, गाडीच्या काचा पुसायचे मऊ पिवळट चामडे. त्याचे बूट होत नाहीत. बाजारात 'ऑइल टॅन' म्हणून विकले जाणारे बुटांचे चामडे बहुधा आधी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. मग ते गरम ड्रममध्ये चरबी, मेण आणि तेलांच्या मिश्रणात घोळवतात. या पद्धतीत अमेरिकेतल्या टॅनऱ्यांचा हात धरणारे फार कोणी नाहीत. मिनेसोटातल्या रेड विंग गावची एस. बी. फूट टॅनरी 1872 पासूनची आणि शिकागोची हॉर्विन 1905 पासूनची. हॉर्विनचे क्रोमेक्सेल हे चामडे क्रोमवर पुन्हा झाडांच्या सालींच्या अर्काने कमावून मग तेल-चरबी पाजलेले असते.

अशा चामड्याची जाडी साधारण 2 ते 2.4 मिलिमीटर असते आणि त्याचा वरचा मूळ पोत घासून काढलेला नसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. बूट पंजाजवळ दुमडला की आतले तेल बाजूला सरकते आणि तिथला रंग फिका पडतो. अंगठ्याने चोळले की तो पुन्हा गडद होतो. ओरखडाही असाच चोळून बराचसा मिटतो. आपल्याकडे कारखान्यांत वाटले जाणारे काळे सेफ्टी शूज मात्र बहुतेक 'बफ बार्टन'चे असतात: म्हशीचे चामडे, वर दाणेदार छाप आणि त्यावर रंगाचा प्लास्टिकसारखा थर. तेल त्या थरातून आत जात नाही, वर चिकटून धूळ धरते. तेव्हा तेलाची डबी उघडण्याआधी चामडे कुठले आहे ते पाहावे. बफ बार्टनच्या बुटांना ओले फडके आणि साधे पॉलिश पुरते.

तेलाअभावी खराब झालेल्या बुटांपेक्षा उष्णतेने आणि अति तेलाने वाया गेलेले बूट जास्त दिसतात. क्रोमचे चामडे उकळत्या पाण्याइतकी उष्णताही बऱ्यापैकी सोसते, आणि घात होतो तो इथेच. वरचे अपर धडधाकट दिसते, पण वेल्ट, म्हणजे कडेची जोडपट्टी, शिवलेल्या बुटाचा आतला सुकतळा सालीने कमावलेला असतो. तो ओला असताना 75-80 अंशांच्या आसपासच आकसतो. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातला एक जोड पावसात भिजल्यावर रात्रभर बॉयलरशेजारी ठेवला होता. सकाळी बाहेरून काहीच झालेले दिसत नव्हते. आत हात घातला तर सुकतळा पापडासारखा वाकून उठलेला आणि कडेची शिलाई त्याच्यातून फाटून निघालेली. असा बूट सहसा दुरुस्त होत नाही. मोचीकडे नेला तर तो तळ बदलून देईल, सुकतळ्याचे त्याला बहुधा काही करता येणार नाही.

भिजलेल्या बुटाच्या लेस पूर्ण सोडाव्यात, जीभ बाहेर ओढावी, सुटी गादी असेल तर काढावी. आत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत आणि ते ओले होतील तसे बदलावेत. सावलीत, पंख्याखाली बूट आडवा ठेवला की तळही वाळतो. एक दिवस लागतो, जाड बुटाला दोन. पावसाळ्यात म्हणूनच दोन जोड आलटून पालटून वापरणे परवडते.

बूट पूर्ण वाळल्यावर चामडे हाताला रखरखीत लागले तरच तेल द्यावे, तेही फडक्याला लावून, अगदी पातळ. बैलाच्या नळीच्या हाडांचे तेल, मिंकचे तेल किंवा मधमाशीच्या मेणाचे मलम चालते. घरातले वाटेल ते तेल मात्र चालत नाही. जवसाचे आणि करडईचे तेल हवेत सुकून चिकट होते, खोबरेल थंडीत थिजते. एरंडेल असे सुकत नाही, म्हणून चामड्याला ते पूर्वीपासून लावत आले आहेत. पण जाडसर असल्याने त्याचा अगदी पुसट हातच पुरे. तेल जास्त झाले की तंतू सैल पडतात, घोट्याचा आधार जातो, शिलाईची भोके मोठी होतात आणि चिकटवलेला तळ सुटू लागतो. वर्कशॉपमध्ये डिझेलच्या फडक्याने बूट चकचकीत करण्याची हौस असते, ती तर घातकच. डिझेल आतली चरबी ओढून काढते आणि रबर फुगवते.

ओले सिमेंट वेगळ्या जातीचा शत्रू आहे. ते अल्कली असते आणि चामड्याला अक्षरशः खाते, म्हणून त्याच दिवशी पाण्याने धुऊन काढावे. घामाच्या आणि समुद्राच्या मिठाचे पांढरे पट्टेही ओल्या फडक्यानेच निघतात, त्यांच्यावर तेल चढवू नये.

पांढरा थर दिसला की लगेच बुरशी समजून घाबरण्याचे कारण नाही. थंडीत आतल्या चरबीचा अंश वर येऊन पांढुरका साका धरतो; हेअर ड्रायरची कोमट झुळूक दिली की तो विरघळून परत मुरतो. बुरशी केसाळ असते, तिला कुबट वास येतो आणि ऊब देऊन ती जात नाही. कोकणात पावसाळाभर बंद कपाटात ठेवलेल्या बुटांवर बहुधा हीच असते. ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडावी, मग पुसून बूट मोकळ्या हवेत ठेवावा.

नवा बूट घेताना चामड्याइतकेच तळाकडे पाहावे. पॉलियुरेथेनचा तळ नुसता ठेवूनही दमट हवेत आतून कुजतो. चामडे नव्यासारखे, आणि चार पावले टाकताच तळाचा भुगा, असे अनेकांच्या बाबतीत होते. सेफ्टी शूजवर आयएस 15298 या मानकाचा क्रमांक असतो. पंजाच्या टोपीने 200 ज्यूलचा आघात सोसावा, ही अट त्याच्या दुसऱ्या भागातली. त्याच शिक्क्यात बूट कधी तयार झाला तेही छापलेले असते. गोदामात तीन-चार पावसाळे काढलेला पॉलियुरेथेनचा जोड निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये. नायट्राइल रबराचा तळ जड असतो, पण असा भुगा होत नाही.